भिंतीवरचे उन्हाळे

चांद्याला मी टिकलो तो आमच्या घरमालकीणबाईंच्या भासऱ्यांमुळे. हे आधी सांगून ठेवतो. पुढे काय काय घडलं ते सांगायला लागलो की माझा हमखास गोंधळ होतो, आणि त्या गोंधळात आभार तेवढे राहून जायचे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. हा शब्द मलाही इथे आल्यावरच कळला, कारण माझा जन्म कोकणातला, शाळा सहावीत सुटलेली आणि नागपूरच्या पलीकडे मुलूख असतो हे भूगोलात शिकायच्या आतच मास्तरांचा आणि माझा संबंध संपलेला. या भासऱ्यांना सगळा मोहल्ला 'भाऊ' म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. उन्हाळ्याची वाट बघणारा, तो आला की खूश होणारा आणि तो सरला की उदास होणारा असा माणूस साऱ्या जिल्ह्यात हा एकच आहे, हे मी पैजेवर सांगेन. एरवी मी पैज लावणाऱ्यातला नाही. मला सकाळी उठल्यापासून कशाची ना कशाची भीती वाटत असते.

चांदा कसं तापतं हे ज्यानं भोगलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. वैशाखात दुपारी जटपुरा गेटातून माणूस तर सोडाच, कुत्रंसुद्धा ये-जा करत नाही. दारं लावलेली, खिडक्यांना ओले पडदे सोडलेले, आणि घराघरांत माणसं पडवळासारखी आडवी. अशा वेळी अंगणात एकच मूर्ती उभी दिसते. डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्यावर छत्री, छत्रीवर पांढरं फडकं, बंडीच्या खिशात कांदा, आणि नाक एका लाकडी पेटीला चिकटलेलं. ही पेटी चार पायांवर उभी, चारी बाजूंनी फटीफटींची, दुरून मधमाश्या पाळल्यासारखी दिसते. आत पारा. भाऊ तो दुपारी तीनला बघणार, म्हणजे तीनलाच. एकदा त्यांच्या स्वतःच्या बहिणीच्या घरी लग्न होतं आणि अक्षता नेमक्या तीनला पडायच्या होत्या. भाऊंनी भटजींना बाजूला घेऊन मुहूर्त थोडा पुढे ढकलता येईल का म्हणून विचारलं. भटजींनी नाही म्हटलं, तेव्हा भाऊ अर्ध्या मंगलाष्टकातून उठून घरी आले, पारा बघितला आणि परत जाऊन जेवायला बसले. "लग्न काय, रेघेवरचा एक ठिपकाबी नाई होत," असं वर म्हणाले. बहीण अजून बोलत नाही.

भाऊ मूळचे तहसील कचेरीत नाझर, म्हणजे पैशांचा आणि सामानाचा हिशेब ठेवणारे. कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं असतं, ते यांच्या ताब्यात. तीस-एक वर्षं त्यांनी पाऊस मोजला. सरकारनं पेन्शन दिली, पण भांडं ठेवून घेतलं, याचा त्यांना अजून राग आहे. पाऊस सरकारचा तर सरकारचा, ऊन तर कोणाच्या बापाचं नाही, असं म्हणून त्यांनी पेन्शनीच्या पहिल्या वर्षी नागपूरहून चार पारे मागवले. एक अंगणात ठेवला. एक कुरखेड्याला धान पिकवणाऱ्या साडूकडे दिला. एक राजुऱ्याला मित्राकडे. राजुरा तेव्हा हैद्राबाद राज्यात होतं, पण "उन्हाले नाका थोडाच हाय?" असं भाऊ म्हणत. चौथा पारा थेट जंगलात, धानोऱ्याला, लाकडाच्या नाक्यावरच्या चौकीदाराच्या घरी. ही सगळी माणसं रोज तीनला पारा बघत आणि महिन्याकाठी आकडे कार्डावर टाकून पाठवत. कशासाठी? तर साऱ्या मुलखाचं ऊन वर्षानुवर्षं वाढतंय की कमी होतंय, हे भाऊंना बघायचं होतं.

मी पहिल्यांदा बावळटासारखं विचारलं होतं, "भाऊ, उद्या किती तापेल?" लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर घणानं शिक्के मारायचं माझं काम, तेव्हा उद्याची चिंता मला साहजिक होती.

"उद्याचं मले काय मालूम?" भाऊ चिडले. "उद्याचं कोनाले सांगता येते? तू वीस वर्षांनंतरचं विचार!"

ज्या माणसाला उद्याचं सांगता येत नाही त्याला वीस वर्षांनंतरचं कसं सांगता येतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही नीटसं कळलेलं नाही. भाऊंनी समजवायची शिकस्त केली. म्हणाले, "हे पाय, बैल सांजीले रानातून घरी येते. कसा येते? इकडं बांधावर तोंड घालते, तिकडं बोडीत पानी पिते, मधीच दुसऱ्याच्या बैलाले शिंग दाखवते. पन येते तं घराकडंच ना? मी त्याचं तोंड नाई पाहून राह्यलो. रस्ता पाहून राह्यलो."

"बैल म्हणजे कोण?"

"मे महिना."

"आणि घर?"

"अरे बापा, घर कुठी हाय तेच तं शोधून राह्यलो!"

मी मान डोलावली. भाऊ समोर असले की मान डोलावलेली बरी असते. पण त्या रात्री अंथरुणावर मे महिना माझ्या डोळ्यांपुढे शिंगं हलवत फिरत राहिला आणि घर काही सापडलं नाही.

भाऊंचं सगळं गणित पडवीच्या भिंतीवर असे. प्रत्येक उन्हाळ्याची सरासरी काढायची आणि तिचा एक ठिपका भिंतीवर द्यायचा. चांद्याचे काळे, कुरखेड्याचे हिरवे, राजुऱ्याचे निळे, धानोऱ्याचे लाल. मग ठिपक्यांमधून दोरा असा ताणायचा, की जितके ठिपके वर तितकेच खाली राहावेत. दोरा वर चढला तर मुलूख तापतोय, खाली उतरला तर निवतोय. एवढं मला समजलं होतं, असं मला वाटतं. तोवरचे सगळे ठिपके दिवाळीत घरमालकीणबाईंनी चुन्याखाली घातले. वाड्यावस्तीत दिवाळीला घर सारवणार, भिंती पांढऱ्या करणार, त्यात त्यांचं काय चुकलं? पण भासऱ्याशी भावजयीनं बोलायचं नाही, समोर आले तर पदर ओढून बाजूला व्हायचं, अशी या घरातली जुनी रीत. त्यामुळे भांडण व्हायचं ते माझ्यामार्फत. दोघं एकाच अंगणात, चार हातांवर उभी, आणि मी मध्ये.

"त्यायले सांग, माहे सगळे उन्हाळे पुसून टाकले म्हना!"

"त्यायले सांगा, भित आहे ती, पाटी नाई. अन् उन्हाळे पुसले तं बरंच झालं म्हना!"

दोघांचं दोघांना स्वच्छ ऐकू गेलेलं असे, तरी मी एकदा इकडे आणि एकदा तिकडे तोंड करून सगळं परत सांगत असे. त्यातही माझी भाषा कोकणातली, त्यामुळे सांगताना अर्थ थोडा मऊ व्हायचा आणि दोघंही माझ्यावर चिडायची. शेवटी भाऊंनी आकडे कार्डांवरून परत काढले आणि ठिपक्यांऐवजी भिंतीत त्याच रंगांत रंगवलेले खिळेच ठोकले. चुन्यानं खिळे जात नाहीत. पण भिंतीत खिळा दिसला की बाईमाणूस त्याला काहीतरी अडकवणारच. पुढच्या आठवड्यात राजुऱ्याच्या एका उन्हाळ्यावर लसणाची जुडी, कुरखेड्याच्या दोन उन्हाळ्यांवर पिशव्या आणि धानोऱ्याच्या ओळीवर अंबाडी वाळत होती. भाऊ दोरा बांधताना लसूण हळूच उचलून धरत आणि परत जागच्या जागी ठेवत. त्यातली कुठलीही वस्तू त्यांनी कधी खाली काढली नाही.

आता माझी गोष्ट. बायको आणि तान्ही मुलगी तिच्या माहेरी, समुद्रकाठी. मी एकटा इथे. पहिल्याच उन्हाळ्यात मला लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली, मी डेपोतच पडलो, आणि शुद्धीवर आलो तो भाऊंच्या खोलीत, वाळ्याच्या ओल्या पडद्याआड. भाऊ मला कैरीचं पन्हं पाजत होते आणि माझ्या काखेत त्यांनी मागाहून मागवलेला राखीव पारा होता. डेपोतला मुकादम मला काढून टाकायला निघाला होता. भाऊ स्वतः जाऊन त्याला भेटले आणि माझी पाळी पहाटेची करून घेतली. नोकरी वाचली. पण ही बातमी कशी कोण जाणे सासऱ्यांपर्यंत गेली. सासरे काथ्याचे व्यापारी, बोलायला तोडून टाकणारे. त्यांनी कळवलं, "चांद्याला पाखरं झाडावर भाजतात असं ऐकतो. माझी मुलगी आणि नात त्या भट्टीत येणार नाहीत. तिथलं हवामान माणसाच्या राहण्यासारखं आहे असं कोणी जाणत्यानं लिहून द्यावं, नाहीतर तुम्ही नोकरी सोडून इकडे या आणि माझ्या काथ्याच्या वखारीत बसा."

म्हणजे घरजावई. मुलीचा पहिला वाढदिवस होऊन गेला होता आणि ती मला ओळखेल की नाही याचीही मला खात्री नव्हती. इकडे नोकरी, तिकडे ती दोघं, आणि मधे सासऱ्यांचा हा 'जाणता'. मी रडकुंडीला येऊन भाऊंना सांगितलं.

भाऊंचे डोळे चमकले. सारं आयुष्य ते ज्याची वाट बघत होते ते घडलं होतं: कोणीतरी त्यांना हवामानाबद्दल विचारत होतं. त्यांनी मला भिंतीपाशी नेलं, अंबाडी बाजूला केली आणि दोरा ताणला. काळे खिळे जवळजवळ सपाट होते. हिरवे आणि निळे कसेबसे वरखाली. पण लाल खिळे, धानोऱ्याचे, जिन्यासारखे खाली उतरत गेलेले. दरवर्षी मागच्यापेक्षा थंड.

"पाह्यलं?" भाऊ कुजबुजले. "जंगलातून थंडावा निघाला हाय. धानोऱ्यापासून सुरू झाला. आता कुरखेडा, मंग आपून. तुही पोरगी मोठी होईन तवा चांद्यात लोक गोधड्या घेऊन झोपतीन!"

मला सगळं समजलं असं नाही, पण रेघ खाली जाणं चांगलं, एवढं कळलं. भाऊंनी चार रंगांत आलेख काढला, खाली स्वच्छ अक्षरात सही केली, 'निवृत्त नाझर' असं लिहिलं आणि सासऱ्यांना पाठवला. सासऱ्यांचं उत्तर आलं. त्यांना आलेखातलं काय कळलं देव जाणे, पण रेघ खाली येते आणि खाली सही आहे एवढ्यानं त्यांचं समाधान झालं. वैशाखात मुलीला सोबत बघून पाठवतो, असं लिहिलं होतं. मी ते घरमालकीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी लागलीच एक खोली वेगळी सारवली आणि पाळण्याला दोर शोधायला लागल्या.

चैत्रात भाऊ दरवर्षी धानोऱ्याला आपला पारा बघायला जात. त्या वर्षी आमच्या डेपोची लॉरी तिकडे साग भरायला निघाली होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. वैनगंगेच्या वाळूत लॉरी रुतली, आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली, आणि भाऊ ढकलता ढकलता मला सांगत होते की हा बघ, आता थंडी लागेल. मला काही थंडी लागत नव्हती. उलट, जंगलात मोहाची फुलं वेचायला गेलेली माणसं परतत होती आणि त्यांचीही अंगं घामानं चमकत होती. पण भाऊ म्हणतात म्हणजे असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

नाक्यावर चौकीदार नव्हता. त्याची बाई होती. उंच, सडसडीत, पलीकडच्या गोंडी पाड्यातली. मराठी बोलायची ती थांबून थांबून, पण हसायची भरपूर. तिनं आमच्यापुढे गार आंबील ठेवली. पारा नेहमी दाराच्या बाहेर टांगलेला असे, तो तिथे दिसेना. "पारा कुठी?" भाऊंनी विचारलं.

"आत झोपला हाय," ती म्हणाली.

आम्ही आत गेलो. घराच्या सगळ्यांत अंधाऱ्या, गार कोपऱ्यात पाण्याचे माठ होते. माठांच्या मधे, जांभळीच्या ओल्या डहाळ्यांच्या छोट्याशा मांडवाखाली, एका ओल्या पंच्यात नीट गुंडाळून, भाऊंचा पारा टांगलेला होता. पंच्याच्या टोकातून पाणी थेंब थेंब गळत होतं. बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा मी इतकी व्यवस्था कधी पाहिली नाही.

भाऊंनी गळणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं. मीच विचारलं, "बाई, हे असं कधीपासून?"

"पयल्या सालापासून," ती अभिमानानं सांगायला लागली. "भाऊनं देलं तवाच सांगतलं ना, हा दूरचा हाय, नाजूक हाय, जपा. पयल्या उन्हाळ्यात बाहेर होता. पाहा तं बिचारा वर चढून राह्यला, वर चढून राह्यला, जीव जाते का काय वाटलं. मंग दुपारी पंचा घातला. उतरला! दुसऱ्या साली, भाऊ येऊन गेले का, सकाळपासूनच घातला. मंग सावलीले आनला. मंग माठाजवळ. औंदा ऊन लवकर तापलं, तं आत्ताच मांडव केला." ती भाऊंकडे वळली. "आता पाहा, किती निवांत हाय. नाई का, भाऊ?"

धानोऱ्याला कसलाही थंडावा सुटला नव्हता. लाल खिळे उतरत गेले होते ते या बाईची माया वर्षावर्षाला वाढत गेली म्हणून. आता भाऊ काय करतात म्हणून मी जीव मुठीत धरून बघत होतो. पुसलेल्या ठिपक्यांवरून सख्ख्या भावजयीशी माझ्यामार्फत महिना महिना भांडणारा हा माणूस. भाऊंनी मांडवात हात घातला, पंच्याचं सुटलेलं टोक परत नीट खोचलं, आणि म्हणाले, "लय चांगलं जपलं, बाई. माह्याच्यानं नसतं झालं." आणि आंबील संपवली.

परतीच्या लॉरीत ते गडचिरोलीपर्यंत बोटांवर वर्षं मोजत होते. मग म्हणाले, "तुह्या सासऱ्याले खरं सांगा लागन."

मी त्यांची बाही धरली. "भाऊ, असं नका करू. ती वैशाखात येतेय. एकदा येऊ दे, मग सांगा. मी स्वतः सांगेन. चांदा काही त्या रेघेमुळे जास्त तापणार नाही!"

"तापनार नाई. पन चुकीच्या रेघेवर तान्ह्या लेकराले गाडीत बसवू का मी?"

"मग मी काय करू? काथ्या वळत बसू?"

 भाऊंचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "मले नाई मालूम, गा," ते म्हणाले. ज्यांना वीस वर्षांनंतरचं दिसत होतं ते हे म्हणाले, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मला वाटलं, निदान पत्र लिहितील, आणि पत्र काय, हरवतंसुद्धा. पण भाऊ म्हणाले, चूक टपालानं गेली तरी दुरुस्ती माणसानं स्वतः न्यायची असते. ज्या माणसानं तीनचा पारा चुकू नये म्हणून लग्नाच्या मांडवातून उठून घर गाठलं, त्यानं अंगणातली पेटी माझ्यावर सोपवली आणि वळकटी बांधली. चांद्याहून वर्धा, वर्ध्याहून मुंबई, तिथून आगबोट. जन्मात त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. निघायच्या सकाळी घरमालकीणबाईंनी सातूचं पीठ आणि कांदे पुरचुंडीत बांधून माझ्या हातात दिले, "त्यायले द्या" म्हणून. मी द्यायला वळलो तोच बाई दाराच्या चौकटीकडे बघत, पदर दातांत धरून, पण खणखणीत आवाजात थेट म्हणाल्या, "पोरीले घेतल्याबिगर येऊ नका!" भाऊ दचकले. त्यांनीही चौकटीकडेच बघून उत्तर दिलं, "पाह्यतो." मी मधे उभा होतो, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा मला कोणालाच काही सांगावं लागलं नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. रोज तीनला पारा बघायचा आणि तो वर चढला की सासऱ्यांचा चेहरा दिसायचा. ओंडक्यांवर शिक्के उलटे पडायला लागले. शेवटी भाऊंचं कार्ड आलं: अमुक गाडीनं येतो. बाकी एक अक्षर नाही. मी स्टेशनवर गेलो तो नोकरी सोडायचं काय सांगायचं याची जुळवाजुळव करतच. गाडी आली. भाऊ उतरले, काखेत राखीव पारा, डोक्याला दुपट्टा. आणि त्यांच्यामागून नारळांचं पोतं उतरलं, मग ट्रंक, मग माझी बायको आणि तिच्या कडेवर, डोळे चोळत, कोणी तरी भलतीच मोठी झालेली मुलगी.

"तोंड काऊन वासलं?" भाऊ खेकसले. "पोतं उचल!"

तिकडे काय झालं ते बायकोनं टांग्यात सांगितलं. भाऊ गेल्या गेल्या ओटीवर बसले आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाले, मी पाठवलेली रेघ चुकीची आहे. सासरे गोंधळले.

"म्हणजे ऊन कमी होत नाही?"

"नाई."

"मग वाढतंय?"

"तसंबी सांगता येत नाई. धानोरा वगळलं तं काहीच सांगता येत नाई."

"अहो, मग हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"हो."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "मला यातलं एक अक्षर कळलं नाही," ते म्हणाले, "पण खोटं बोलायला कोणी आगबोटीतून ओकत ओकत येत नाही, एवढं कळलं." तरी ते हो म्हणाले नव्हते. ऊन ते ऊनच, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. मग भाऊंनी धानोऱ्याचं सगळं सांगितलं. चूक कुठे झाली ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. माठ, डहाळ्या, ओला पंचा. बायको दाराआड ऐकत होती. ती बाहेर आली आणि विचारलं, "त्या बाई रोज पंचा भिजवायच्या? काचेच्या नळीसाठी?"

"रोज. चार चार डाव."

ती आत गेली आणि ट्रंक भरायला लागली. वडील रागावले तेव्हा म्हणाली, "बाबा, जिथं पाऱ्याला ऊन लागू देत नाहीत तिथं माझ्या मुलीला कोण लागू देईल?"  दुसऱ्या दिवशी बंदरावर नारळाचं पोतं घेऊन सासरे स्वतः आले. भाऊ तेव्हा धक्क्याच्या पायरीवर बसून, दोरीला पारा बांधून समुद्राचं तापमान घेत होते.

उन्हाळा त्या वर्षीही व्हायचा तसाच झाला. मुलीला घामोळं आलं, घरमालकीणबाईंनी चंदन उगाळलं, ते गेलं. भाऊंनी भिंतीतले लाल खिळे सगळे उपटले आणि धानोऱ्याची ओळ पहिल्यापासून सुरू केली. राखीव पारा घालून नवीन पेटी तयार करून त्यांनी ती नाक्यावर बसवली आणि जुना पारा मांडवासकट त्या बाईकडेच राहू दिला. तो आता मोजत नाही, नुसता राहतो.

अलीकडे भाऊंना पाऱ्याची बारीक रेघ दिसत नाही. मोतीबिंदू आहे म्हणतात. तीनला माझी बायको पेटीपाशी जाते आणि अंगणातून आकडा ओरडते. भाऊ पडवीत बसून तो पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणतात, आणि बोटांनी भिंतीवर चाचपून शेवटचा खिळा कुठे आहे ते बघतात. परवा मी विचारलं, भाऊ, धानोऱ्याची रेघ आता कधी दिसेल? म्हणाले, खरी रेघ दिसायला तीस वर्षं तरी लागतात. मग थोडं थांबून हसले. "तेवढा मी कुठी राह्यतो?"  मी लसणाची जुडी उगाच सारखी करत बसलो.

ऊन वाढतंय की कमी होतंय, हे मला अजूनही कळत नाही. सरासरी म्हणजे काय ते मी मुलीला शिकवायला गेलो आणि तिनंच मला दोनदा विचारलं, बाबा, बैल कोण? पण भाऊ, एवढं लिहून ठेवतो. चांद्याला, कुरखेड्याला, राजुऱ्याला आणि धानोऱ्याला दरवर्षी एकेक खिळा ठोकला जाईल, ते मी बघेन. आणि तीस वर्षं भरली की दोरा मी ताणेन. तो वर गेला तर वर, खाली गेला तर खाली. जिथे जाईल तिथे जाऊ देईन, ओढून घेणार नाही. मग तुम्ही जिथे असाल तिथे, चुकलं असलं तरी, मी स्वतः येऊन सांगेन.